निवृत्तांचा वकील

नोव्हेंबर महिना उजाडला की आमच्या डोंबिवलीत बँकांच्या दारांशी सकाळी दहाच्या आधीच एक शांत, शिस्तीची रांग उभी राहते. हातात कापडी पिशवी, पिशवीत प्लास्टिकच्या वेष्टणात जपलेले पासबुक, खिशाला चष्म्याचे घर, आणि चेहऱ्यावर परीक्षेला बसलेल्या विद्यार्थ्याची किंचित धाकधूक, असा या रांगेतील मंडळींचा थाट असतो. ही सारी मंडळी निवृत्त होत. आपण अद्याप हयात आहो, हे सरकारदरबारी शाबीत करून देण्यासाठी ती आलेली असतात. डोंबिवली हे मुळातच चाकरमान्यांचे गाव. मंत्रालय, रेल्वे, बँका, गिरण्या, गोदी आणि औद्योगिक वसाहतीतील कारखाने, यांनी या गावाला पोसले. आणि चाळीस-चाळीस वर्षे पहाटेची गाडी गाठलेली ती पिढी आता गणेशमंदिराच्या आवारात आणि मैदानांच्या कडेच्या बाकांवर विसावली आहे. या रांगेत उभे राहण्याची पाळी आमच्यावर यावयास अजून तीन वर्षांचा अवकाश आहे. परंतु गेल्या नोव्हेंबरात आमच्या वडीलबंधूंना सोबत म्हणून आम्ही त्या रांगेत दीड तास उभे राहिलो, आणि तेव्हापासून जे विचार मनात घोळत आहेत, ते वाचकांपुढे ठेवावे असे वाटते.

वास्तविक दादांच्या योजनेत हा दाखला आता वर्षातून केव्हाही देता येतो, व तो दिल्यापासून वर्षभर चालतो. परंतु नोव्हेंबर म्हणजे दाखल्याचा महिना, हे त्यांच्या अंगवळणी पडलेले. खिडकीशी आमचा नंबर लागला. काचेच्या लहानशा यंत्रावर दादांनी अंगठा ठेवला. यंत्राने तो नाकारला. तर्जनी ठेवली; तीही नाकारली. हात पुसून, फुंकर घालून, रुमालाने काच स्वच्छ करून दहाही बोटांची हजेरी झाली. एकाही बोटाची रेघ यंत्रास उमगेना. खिडकीपलीकडील मुलगी मोठी मायाळू होती. ती म्हणाली, “आजोबा, तुमच्या बोटांवर ठसेच उरले नाहीत हो.” दादा हसून म्हणाले, “अगं, अठ्ठावीस वर्षे लेथवर होतो. ठसे तिथेच राहिले.” शेवटी चेहऱ्याचे छायाचित्र घेऊन काम निभावले, आणि आमचे बंधू आणखी एका वर्षापुरते हयात ठरले.

घरी येताना त्यांनी पासबुकात नोंद करून घेतली. दरमहाची रक्कम दीड हजार रुपयांच्या आतबाहेर. आम्ही ती आकडेवारी प्रथमच इतक्या जवळून पाहिली, आणि खरे सांगावयाचे तर मनातल्या मनात वरमलो. याचे कारण सांगितले पाहिजे.

आमचे वडील निवर्तले तेव्हा आम्ही सहा वर्षांचे होतो. दादांनी १९७४ साली जुनी अकरावी चांगल्या गुणांनी पार केली होती व पुढे शिकण्याची त्यांची इच्छाही होती. ती इच्छा त्यांनी कोणाजवळ बोलून न दाखविता बाजूस ठेविली, आणि दोन वर्षे इकडेतिकडे उमेदवारी करून डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात ते टर्नर म्हणून लागले. आमची शाळा, आमचे कॉलेज, पदवी परीक्षेची फी, इंग्रजी ग्रंथांची खरेदी, हे सर्व त्या लेथच्या चाकावर चालले. १९९३ साली आम्ही कॉलेजात इतिहासाचे अध्यापक म्हणून रुजू झालो. २००४ साली तो कारखाना बंद पडला. दादा तेव्हा शेहेचाळीस वर्षांचे होते. पुढे त्यांनी एका दुकानात हिशेब लिहिण्याचे काम केले, व अठ्ठावन्न वर्षे पुरी होताच त्यांस पेन्शन सुरू झाली. आम्हांस जी पेन्शन मिळावयाची आहे ती शेवटच्या मूळ पगाराच्या निम्मी, वर महागाई भत्ता. त्या दोन रकमांचा भागाकार करून पाहण्याचे धैर्य आम्हांस अद्याप झालेले नाही.

या प्रसंगानंतर थोड्याच दिवसांनी दादा संध्याकाळी आमच्याकडे आले. मैदानाच्या कडेला त्यांच्यासारख्या कारखान्यांतून निवृत्त झालेल्या दहा-बारा जणांचा अड्डा असतो. त्या सर्वांच्या वतीने सरकारास एक अर्ज पाठवावयाचा होता. “तू प्रोफेसर आहेस, तुला लिहिता येते. आमच्या वतीने चार ओळी लिही,” एवढेच ते म्हणाले. आम्ही होकार दिला आणि, लाजेची गोष्ट अशी की, तीन आठवडे काही लिहिले नाही. इतिहासाच्या अध्यापकास काम टाळावयाचे असले म्हणजे तो त्या कामाचा इतिहास वाचू लागतो. आम्हीही तसेच केले. निवृत्तांची वकिली आजवर कोणी, कशी केली, याचा शोध घेत आम्ही पुस्तकांत शिरलो.

महाराष्ट्राला ‘पेन्शन’ हा शब्द ज्या प्रसंगाने कायमचा चिकटला, तो प्रसंग मोठा दुःखाचा आहे. १८१८ च्या जूनमध्ये दुसरे बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाले, आणि वार्षिक आठ लक्ष रुपयांची नेमणूक घेऊन गंगाकाठी बिठूरास जाऊन राहिले. १८५१ च्या जानेवारीत ते निवर्तले. ती नेमणूक केवळ बाजीरावांच्या जातीपुरती होती, असे सांगून डलहौसीने ती बंद केली. दत्तक पुत्र नानासाहेबांनी विनंतिपत्रे धाडली आणि शेवटी अजीमुल्ला खान यास आपला वकील नेमून थेट लंडनला पाठविले. पेन्शनीच्या वादासाठी समुद्रापार गेलेला आपल्या इतिहासातील हा बहुधा सर्वांत प्रसिद्ध वकील. तो हुशार होता, देखणा होता, इंग्रजी उत्तम बोलत होता. परंतु तो रिकाम्या हाताने परत आला. पुढे १८५७ साली काय झाले, ते वाचकांस ठाऊकच आहे. आम्हांस येथे एवढेच दाखवावयाचे आहे की, ज्या पेन्शनीस देणाऱ्याची मर्जी हाच आधार, तिच्यासाठी कितीही चतुर वकील पाठविला तरी त्याच्या पदरी नकारच पडावयाचा. मर्जीने दिलेले मर्जीनेच बंद होते.

येथून आम्ही एकदम आजच्या युरोपात आलो, कारण तेथे एका देशात निवृत्तांनी वकील पाठविण्याऐवजी स्वतःचा पक्षच काढला, असे आमच्या वाचनात आले. तो देश सर्बिया. १९९० नंतरच्या दशकात युगोस्लाव्हियाची शकले झाली, युद्धे झाली, चलनाची किंमत कागदाइतकीही उरली नाही, आणि जन्मभर राबलेल्या माणसांची पेन्शन पावाच्या लादीस महाग झाली. अशा देशात योवान क्र्कोबाबिच या गृहस्थांनी २००५ साली संयुक्त निवृत्तांचा पक्ष स्थापन केला. त्यांचा जन्म १९३० चा. म्हणजे आपल्याकडे माणूस नातवंडांना शाळेत पोहोचविण्याखेरीज अन्य महत्त्वाकांक्षा ठेवीत नाही, त्या पंचाहत्तरीच्या वयात त्यांनी नवा पक्ष काढला. २००७ च्या निवडणुकीत त्यांच्या यादीला तीन टक्क्यांच्या किंचित वर मते पडली. तेथील तेव्हाच्या कायद्याप्रमाणे पाच टक्क्यांखालील यादीस एकही जागा मिळत नसे. पुढल्याच वर्षी त्यांनी समाजवादी पक्षाशी युती केली. युतीस वीस जागा मिळाल्या, त्यांतील पाच निवृत्तांच्या पक्षाच्या. अडीचशेंच्या सभागृहात पाच म्हणजे काहीच नव्हे. पण त्या पाचांवाचून सरकार बनेना. क्र्कोबाबिच उपपंतप्रधान झाले, आणि त्या वर्षीच्या शरद ऋतूत पेन्शनीत दहा टक्क्यांची जादा वाढ झाली.

कथा येथे संपती तर आम्ही दादांना हीच सुचविली असती. परंतु ती पुढे चालते. जगभर मंदी आली, आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून कर्ज घ्यावे लागले, आणि २००९ व २०१० या वर्षांत सर्बियातील पेन्शनी होत्या तेथेच गोठविण्यात आल्या. निवृत्तांचा पुढारी उपपंतप्रधानाच्या खुर्चीवर असतानाच हे घडले. २०१२ साली त्यांच्या पक्षाच्या जागा बारा झाल्या. श्रम व समाजकल्याण हे खातेही त्यांच्याकडे आले. २०१४ च्या एप्रिलमध्ये ते निवर्तले, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस पंचवीस हजार दिनारांहून अधिक असलेल्या पेन्शनींत काटछाट करणारा कायदा तेथे झाला. तो चार वर्षे अंमलात राहिला. दरम्यान २०१६ साली त्यांच्या पुत्राच्या, मिलान क्र्कोबाबिच यांच्या, नेतृत्वाखाली हाच पक्ष सत्ताधारी पक्षाच्या यादीत सामील झाला व मिलान मंत्री झाले. पुढे २०२० साली त्यांच्याकडे ग्रामकल्याणाचे खाते आले. इस्राएलातही २००६ साली निवृत्तांच्या एका पक्षाने रफी एतान या जुन्या गुप्तहेराच्या नेतृत्वाखाली अकस्मात सात जागा पटकावल्या होत्या. तीन वर्षांनी एकही उरली नाही.

या गोष्टी सांगण्यात आम्हांस कोणाची थट्टा करावयाची नाही. वृद्धांनी आपले गाऱ्हाणे घेऊन सभागृहात जावे, यात कमीपणा कसला? सर्बियाचा तो वृद्ध पुढारी नसता तर ते दहा टक्केही मिळाले नसते, असे म्हणणारे निवृत्त तेथे पुष्कळ असतील, आणि त्यांचे म्हणणे खोटे म्हणवत नाही. आमचे म्हणणे इतकेच की, सत्तेत वाटा मिळाला म्हणजे हक्काला कायमचा पाया मिळाला असे होत नाही. पाच मतांच्या जोरावर जे मिळते, ते सहाव्या मताच्या गरजेपुढे गोठते.

मग आपल्याकडे काय आहे? निवृत्तांचा असा नाव घेण्याजोगा पक्ष महाराष्ट्रात निघाला नाही. आपल्या विधान परिषदेत मात्र विशिष्ट वर्गांसाठी जागा आहेत. एकूण अठ्ठ्याहत्तर सभासदांपैकी सात पदवीधरांनी निवडावयाचे व सात शिक्षकांनी. डोंबिवली कोकणच्या मतदारसंघांत येते. आम्ही पदवीधर आहो आणि शिक्षकही. त्यामुळे कोकणातील या दोन्ही निवडणुकांत आम्ही मत देतो, वर विधानसभेचे मत सर्वांप्रमाणे आहेच. दादांना यांपैकी एकच, सर्वांना असते तेवढेच. हे आम्हांस इतकी वर्षे कधी खटकले नव्हते. गेल्या वर्षी पदवीधर मतदारसंघाचे मत देऊन आम्ही बाहेर पडलो, तेव्हा दादा भाजीची पिशवी घेऊन समोरून येत होते. “कसले रे मतदान आज?” त्यांनी विचारले. आम्ही सांगितले. ते “असे होय” म्हणाले आणि पुढे गेले. ज्याने पदवीचे पैसे भरले त्यास त्या मताचा अधिकार नाही, आणि ज्याच्यासाठी भरले त्यास आहे, ही गोष्ट त्या दिवशी त्यांच्या मनात आली नसेल; आमच्या मनात आज येते.

निवृत्तांची खरी वकिली आपल्या देशात झाली ती न्यायालयात. १९७९ च्या मे महिन्यात केंद्र सरकारने पेन्शनीचे गणित उदार केले; परंतु त्याचा लाभ ३१ मार्च १९७९ रोजी वा त्यानंतर निवृत्त होणाऱ्यांपुरताच ठेविला. म्हणजे ३० मार्चला निवृत्त झालेल्याचे पोट लहान व ३१ मार्चला निवृत्त झालेल्याचे मोठे, असा हा न्याय होता. नकारा नावाच्या एका निवृत्त अधिकाऱ्याने यास सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. त्यांच्या जोडीस अर्जदार म्हणून हरिदेव शौरी यांची ‘कॉमन कॉज’ ही संस्था उभी राहिली. शौरी स्वतः सनदी सेवेतून निवृत्त झालेले. पाच न्यायमूर्तींच्या पीठाने १७ डिसेंबर १९८२ रोजी निर्णय दिला. सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड व न्यायमूर्ती तुळजापूरकर, असे दोन मराठी न्यायाधीश त्या पीठावर होते. निकालपत्र न्यायमूर्ती देसाई यांनी लिहिले. पेन्शन ही मालकाने खुशीने केलेली बक्षिसी नसून पूर्वी केलेल्या सेवेचा मोबदला आहे, आणि एकाच वर्गाच्या माणसांत मनमानी तारखेची रेघ ओढून भेद करता येत नाही, असा त्या निर्णयाचा आशय होता. म्हणूनच देशभरचे निवृत्त १७ डिसेंबर हा आपला दिवस म्हणून पाळतात. बिठूरहून निघालेला अर्ज जेथे फेटाळला गेला होता, तेथून दिल्लीतील या निकालापर्यंत यावयास सव्वाशेंहून अधिक वर्षे लागली.

एक रेघ पुसली गेली, परंतु रेघा ओढण्याची हौस काही गेली नाही. केंद्र सरकारने १ जानेवारी २००४ पासून, व आपल्या राज्याने १ नोव्हेंबर २००५ पासून, नव्याने नोकरीस लागणाऱ्यांची जुनी पेन्शन बंद केली. पगारातून कापलेल्या रकमेवर व बाजाराच्या चढउतारावर त्यांचे म्हातारपण सोपविले. आमच्या विभागात आमच्या शेजारच्या टेबलावर बसणारे एक तरुण सहाध्यापक २००७ साली लागले. विषय तोच, विद्यार्थी तेच, खडूही एकाच डबीतला; परंतु त्यांचे म्हातारपण रेघेच्या पलीकडले. १४ मार्च २०२३ पासून आठवडाभर राज्यातील कर्मचाऱ्यांनी जुन्या पेन्शनसाठी संप केला, तेव्हा त्यांनी आम्हांस विचारले, “सर, मोर्चाला येता का?” आम्ही परीक्षेच्या कामाची सबब सांगितली. सबब खरी होती. पण आमची पेन्शन सुरक्षित नसती तर ती सबब आम्ही सांगितली असती का, याचे उत्तर आम्ही त्या वेळी स्वतःसही दिले नाही.

दादांची रेघ तर याहून जुनी व जाड आहे. ती सरकारी नोकरी आणि कारखाना यांमधून जाते. १९९५ च्या नोव्हेंबरपासून अंमलात आलेल्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत मालकाच्या भविष्यनिर्वाह निधीच्या हिश्श्यातून पगाराच्या ८.३३ टक्के व सरकारकडून १.१६ टक्के जमा होतात. पेन्शन काढावयाची रीत सोपी आहे: पगारास सेवेच्या वर्षांनी गुणावे व सत्तरांनी भागावे. मात्र तो पगार प्रत्यक्ष हातात पडणारा नव्हे, तर ठरविलेल्या मर्यादेपर्यंतचा. ही मर्यादा बरीच वर्षे साडेसहा हजार होती, २०१४ च्या सप्टेंबरात ती पंधरा हजार झाली. पंधरा हजारांवर पस्तीस वर्षे नोकरी केली तरी भागाकार साडेसात हजारांवर थांबतो. साडेसहा हजारांच्या काळात ज्यांचे कारखाने मिटले, त्यांचे काय होत असेल ते दादांच्या पासबुकात दिसते. १९९५ पूर्वीच्या सेवेबद्दल तर एक लहानशी ठराविक रक्कमच धरली जाते. आणि सर्वांत मोठी उणीव ही की या पेन्शनीचा महागाईशी काही संबंध ठेविलेला नाही. डाळ महागते, औषध महागते, पेन्शन जन्मली तेवढीच राहते.

राज्यसभेच्या अर्जविषयक समितीने, भगतसिंह कोश्यारी अध्यक्ष असताना, २०१३ साली निदान तीन हजार रुपये पेन्शन असावी अशी शिफारस केली. २०१४ साली किमान रक्कम ठरली ती एक हजार. आणि पुढील दहा वर्षांत ती एक हजारच राहिली. या निवृत्तांचा वकील कोण, असा शोध घेता एक नाव महाराष्ट्रातच सापडते. नौदलातून निवृत्त झालेले कमांडर अशोक राऊत हे बुलढाण्याचे. त्यांच्या नेतृत्वाखाली राष्ट्रीय संघर्ष समिती उभी राहिली, आणि निदान साडेसात हजार रुपये पेन्शन, तीस महागाई भत्त्याची जोड व औषधोपचाराची सोय, या मागण्या घेऊन तिने २०१८ च्या डिसेंबरात बुलढाण्यात साखळी उपोषण आरंभिले. मुंबई नव्हे, दिल्ली नव्हे, बुलढाणा. साखळी उपोषणाचे वैशिष्ट्य हे की, आज जो बसतो तो उद्या उठतो व त्याच्या जागी दुसरा म्हातारा येऊन बसतो. २०२० च्या मार्चमध्ये हे लोक खासदार हेमामालिनी यांच्या मध्यस्थीने पंतप्रधानांस भेटून आले. पक्ष नाही, आमदार नाही, मंत्रिपद नाही. सर्बियाच्या पक्षाजवळ होते त्यांतले काहीच नाही. आहे ती केवळ पाळीपाळीने बसण्याची चिकाटी.

एवढे सगळे वाचून झाल्यावर अर्ज लिहिणे प्राप्तच होते. एका रविवारी आम्ही तो लिहून काढला. भाषा प्रौढ होती, वाक्ये तोललेली होती. आमचे आम्हांसच कौतुक वाटले. संध्याकाळी मैदानाच्या कडेच्या बाकावर दादांच्या मित्रमंडळीपुढे तो वाचून दाखविला. आरंभ असा होता: ‘आम्ही वयोवृद्ध व निराधार निवृत्त कामगार सरकारच्या चरणी नम्र प्रार्थना करतो की, आमच्या दीन अवस्थेकडे कृपादृष्टीने पाहून…’ वाचन संपले. कोणी काही बोलेना. मग दादा म्हणाले, “प्रोफेसर, लिहिले छान आहेस. पण हे कोणाचे आहे?”

“कोणाचे म्हणजे? तुमचेच.”

“आम्ही निराधार नाही रे. अठ्ठावीस वर्षे मी एक दिवस उशिरा गेलो नाही. आमच्या नावाने पैसे जमा झाले आहेत. ते आम्ही मागतो आहो. कृपा कशाला मागायची?”

शेजारी बसलेले एक वृद्ध गृहस्थ, पूर्वी रंगांच्या कारखान्यात फोरमन असलेले, तितक्याच शांतपणे म्हणाले, “आणि ते चरण-बिरण काढा साहेब.”

वाचकहो, ज्या माणसाने तीन आठवडे बाजीरावाची नेमणूक आणि सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यांमधील अंतर मोजण्यात घालविले होते, त्याच माणसाच्या लेखणीतून अखेर बिठूरचाच अर्ज उतरला होता. नकारांच्या निकालाचे मर्म आम्ही वर्गात दहा वेळा समजावून दिले असेल. ते दादांना कोणी कधी समजावून दिले नव्हते, आणि त्यांना त्याची गरजही नव्हती. आम्ही त्यांची बाजू मांडण्यास बसलो ते त्यांची दया येऊन. दया आली म्हणजे ज्याची दया येते तो आपोआप आपल्या पायरीच्या खाली जातो, आणि मग त्याची भाषाही आपण खालचीच लिहितो. सर्बियाचे मंत्री असोत, दिल्लीचे विधिज्ञ असोत, की डोंबिवलीचे प्राध्यापक. दुसऱ्याच्या वतीने बोलणाऱ्या प्रत्येकाने या जागी सावध राहिले पाहिजे.

दुसरा मसुदा त्याच बाकावर तयार झाला. आम्ही फक्त लिहिण्याचे काम केले. त्यात प्रार्थना नव्हती. किती वर्षे काम केले, किती रक्कम जमा झाली, किती मिळते, महागाई किती वाढली, समितीने काय सुचविले होते, आणि आम्ही काय मागतो, असे सहा मुद्दे होते. पान सव्वा पानाचे. शेवटी सह्या घेण्यास सुरुवात झाली. प्रत्येक सहीपुढे पेन्शनच्या आदेशाचा क्रमांक लिहावयाचा होता. कागद आमच्यापर्यंत आला, आम्ही पेन उघडले, तेव्हा ते फोरमन गृहस्थ हलकेच म्हणाले, “साहेब, तुमचा क्रमांक यात नाही बसायचा.” त्यांचे खरे होते. आम्ही पेन मिटले. दादांनी कागद घडी करून पाकिटात घातला आणि पाकीट आमच्या हाती दिले. “टपालात तू टाक. रजिस्टर कर. पावती जपून ठेव.”

ती पावती आमच्या टेबलाच्या खणात आहे. अर्जाची पोच आली. उत्तर अद्याप आलेले नाही. दुसऱ्या दिवशी कॉलेजात गेल्यावर आमच्या तरुण सहाध्यापकांस आम्ही सांगितले की, पुढल्या वेळी मोर्चा निघाला तर आम्हांस हाक मारा. ते थोडे चकित झाले. “सर, तुम्हांला काय गरज?” असे त्यांनी विचारले. आम्ही उत्तर दिले नाही. तास होता, घंटा झाली होती.

पुढील नोव्हेंबर आता जवळ आला आहे. दादांनी या खेपेस लवकर जावयाचे ठरविले आहे, आणि सोबतीची गरज नाही असे बजावले आहे. चेहऱ्याचे छायाचित्र कसे काढतात ते त्यांना आता येते. आम्ही तरीही जाणार आहो. रांगेत आमचे काही काम नाही, हे खरे. परंतु त्या खिडकीशी त्यांना कोणी पुन्हा विचारलेच की आजोबा, ठसे कुठे गेले, तर त्याचे उत्तर देण्यास आणखी एक साक्षीदार जवळ असावा, एवढीच आमची इच्छा आहे. त्यांतले काही ठसे आमच्या पदवीच्या कागदावर आहेत.